खिशाला परवडणारी कार्ड-स्पर्धा: ‘पेनी ड्रेडफुल’ म्हणजे काय आणि त्यात उतरायचं कसं

ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे विकत घेऊन किंवा अदलाबदल करून जमवलेल्या कार्डांनी खेळायचा खेळ, म्हटलं की आधी खर्चाची धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा या प्रकारातला पहिला खेळ. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीनं १९९३ साली बाजारात आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीतलं ‘ब्लॅक लोटस’ हे एकच कार्ड २०२१ मध्ये ५,११,१०० डॉलरला विकलं गेलं. तो संग्राहकांचा बाजार, हे मान्य. पण साध्या दुकानी स्पर्धेत टिकेल असा डेक, म्हणजे खेळायला निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा, जमवायलाही कित्येक प्रकारांत काही शे डॉलर लागतात. भारतात ही कार्डं छापली जात नाहीत, बाहेरून येतात, म्हणजे वर वाहतूक आणि आयातीचा खर्च. पुण्या-नाशिकचा कॉलेजात जाणारा मुलगा इथेच नाद सोडतो.

त्यानं तो सोडू नये म्हणून हा लेख. याच खेळात एक स्पर्धा अशी आहे की तिचा पूर्ण डेक साधारण सव्वाशे-दीडशे रुपयांत उभा राहतो, प्रवेश फुकट असतो, आणि समोर बसणारे खेळाडू मात्र चांगलेच तयारीचे असतात. तिचं नाव ‘पेनी ड्रेडफुल’. ती समजून घ्यायची तर आधी कार्डाची किंमत ठरते कशी हे पाहावं लागेल.

कार्ड महाग का होतं

मॅजिकची कार्डं बंद पाकिटात मिळतात. वर्षानुवर्षं चालत आलेल्या पाकिटात १५ कार्डं असायची: ११ कॉमन, ३ अनकॉमन आणि १ रेअर. म्हणजे एक रेअर कार्ड बाजारात येताना सोबत ११ कॉमन घेऊन येतं. कॉमनचा ढीग साचतो आणि भाव पडतो. रेअर कमी, त्यात ते खेळायला जोरदार असेल तर सगळ्यांनाच हवं, आणि प्रत्येकाला त्याच्या चार-चार प्रती हव्यात, कारण एका डेकमध्ये एका नावाची चार कार्डं चालतात.

यातून स्वस्त खेळायची पहिली वाट निघाली, तिचं नाव ‘पॉपर’. नियम एका ओळीचा: कधी ना कधी कॉमन म्हणून छापलं गेलेलं कार्डच चालेल. खेळाडूंनी आपसांत सुरू केलेल्या या प्रकाराला कंपनीनं २००८ मध्ये आपल्या ऑनलाइन खेळात अधिकृत जागा दिली, आणि २०१९ मध्ये कागदी आणि ऑनलाइन पॉपरची कार्डयादी एक केली. ‘लाइटनिंग बोल्ट’, ‘काउंटरस्पेल’, ‘ब्रेनस्टॉर्म’ अशी या खेळाच्या इतिहासातली नावाजलेली कार्डं पॉपरमध्ये चालतात, त्यामुळे हा खेळ अजिबात मिळमिळीत नाही.

पण पॉपरमध्ये एक फट आहे. तिथे दुर्मीळपणाचा शिक्का बघतात, किंमत नाही. कॉमन कार्ड स्वस्तच असेल असं नाही. एखादं कॉमन कार्ड पॉपर खेळणाऱ्या प्रत्येकाला हवं झालं की त्याचाही भाव चढतो. शिवाय जुनं अनकॉमन कार्ड नव्या संचात कॉमन म्हणून छापलं की ते एकाएकी पॉपरमध्ये दाखल होतं. ‘मॉनेस्टरी स्विफ्टस्पिअर’चं असंच झालं. २०१४ मध्ये ते अनकॉमन होतं, २०२२ च्या एका संचात कॉमन झालं, पॉपरमध्ये त्यानं धुमाकूळ घातला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर बंदी आली. ज्यांनी त्यावर डेक बांधले होते त्यांना पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. पॉपरचा ऑनलाइन डेक आजही काही डझन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. वाईट सौदा नाही, पण ‘पेनी ड्रेडफुल’ याच्याही खाली उतरतं.

किंमत हाच नियम

‘मॅजिक ऑनलाइन’ हा २००२ पासून चालू असलेला संगणकावरचा खेळ. त्यातली कार्डं कागदी कार्डांसारखीच खेळाडूंच्या मालकीची असतात, ती विकता येतात, बदलता येतात. तिथलं चलन म्हणजे ‘तिकीट’, खेळाडूंच्या तोंडी ‘टिक्स’. खेळाच्या दुकानात एक तिकीट एका डॉलरला मिळतं.

पेनी ड्रेडफुल २०१६ मध्ये सुरू झालं, तेही खेळाडूंनीच केलं. नियम असा: ज्या कार्डाची किंमत ०.०२ तिकीट किंवा त्याहून कमी, तेच कार्ड चालणार. बाकी काही बघायचं नाही. कॉमन असो, रेअर असो, रेअरहूनही दुर्मीळ ‘मिथिक’ असो, तीस वर्षांपूर्वीचं असो की मागच्या वर्षीचं.

हा नियम ऐकायला गमतीचा वाटतो, पण त्यामागचा विचार मला फार आवडतो. मॅजिकमध्ये आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं झाली. मोठ्या स्पर्धांत त्यातली काहीशेच खेळली जातात. उरलेली हजारो कार्डं कुणालाच नको असतात म्हणून ऑनलाइन बाजारात जवळपास फुकट पडून असतात. कागदावर महाग असलेलं कार्डही इथे कवडीमोल असू शकतं, कारण कागदी बाजारात संग्राहक आणि चौघांनी मिळून खेळायच्या ‘कमांडर’ प्रकाराची मागणी मोठी असते आणि ऑनलाइनवर ती तेवढी नसते. त्यामुळे पेनी ड्रेडफुलच्या यादीत खरोखर जबरदस्त रेअर कार्डं सापडतात. ती फक्त मोठ्या स्पर्धांच्या सध्याच्या चालीत बसत नाहीत, एवढंच.

आता प्रश्न येतो की किंमत तर रोज बदलते, मग यादी पक्की कशी होणार? त्याची सोय अशी आहे. मॅजिकचा नवा मुख्य संच येतो तेव्हा पेनी ड्रेडफुलचा नवा सीझन सुरू होतो, साधारण दोन-तीन महिन्यांनी. त्याआधी आठवडाभर दर तासाला सगळ्या कार्डांचे भाव तपासले जातात. आठवड्याचे तास १६८, म्हणजे १६८ तपासण्या. त्यातल्या निदान निम्म्या वेळा, म्हणजे ८४ वेळा, कार्ड ०.०२ किंवा खाली दिसलं तर ते सीझनभर वैध. यामुळे एखाद्यानं तासाभरासाठी भाव पाडून किंवा चढवून यादी हलवायची म्हटली तर ते सोपं नाही. आणि यादी जाहीर झाल्यावर मागणी वाढून एखादं कार्ड एक तिकीटाला गेलं, तरी सीझन संपेपर्यंत ते वैधच राहतं.

या शेवटच्या ओळीत नव्या खेळाडूसाठी मोठी सूचना दडलेली आहे. नवी यादी लागली की पहिल्या एक-दोन दिवसांत आपली कार्डं घेऊन टाकायची. जी उघडच जोरदार आहेत त्यांच्यावर सगळ्यांची नजर असते आणि त्यांचा भाव सगळ्यात आधी हलतो.

हिशेब सोपा आहे. मुख्य डेक किमान ६० कार्डांचा, सोबत राखीव १५ कार्डं, ज्याला ‘साइडबोर्ड’ म्हणतात. एकूण ७५. प्रत्येक कार्ड ०.०२ तिकीटाचं धरलं तर दीड तिकीट, म्हणजे दीड डॉलर. त्यातली वीसेक कार्डं साधी ‘बेसिक लँड’, म्हणजे बाकीची कार्डं खेळायची ताकद देणारी मूलभूत कार्डं, असतील तर त्याहून कमी.

खरेदीत एक गोष्ट नवख्याला बुचकळ्यात टाकते. तिकीट मोडता येत नाही, त्याचे सुटे होत नाहीत. मग दोन शतांश तिकीटाचं कार्ड घ्यायचं कसं? इथे दुकानं ‘बॉट’ चालवतात, म्हणजे चोवीस तास व्यवहार करणारी स्वयंचलित खाती. तुम्ही बॉटकडून बारा कार्डं घेतली, किंमत झाली ०.२४. बॉट तुमच्याकडून एक पूर्ण तिकीट घेतो आणि उरलेले ०.७६ तुमच्या नावावर जमा ठेवतो. पुढच्या वेळी त्याच दुकानाच्या बॉटकडे गेलात की ती जमा वापरता येते. म्हणून सगळी खरेदी एकाच दुकानातून करावी. चार ठिकाणी हात घातला तर चार ठिकाणी थोडी-थोडी जमा अडकून पडते.

भारतातून पैसे भरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आपणहून सुरू करून घ्यावे लागतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून होतं. आणि परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक वेगळं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते. खात्यासाठी सुरुवातीला एकदा भरायची रक्कम आणि हवी तेवढी तिकिटं एकदाच घेतली की हा त्रास पुन्हा पुन्हा होत नाही. खरेदी झाली की परदेशी व्यवहार बंद करून ठेवा.

आणखी एक अडचण आहे ती आधीच सांगतो: मॅजिक ऑनलाइन फक्त विंडोज संगणकावर चालतं, फोनवर नाही. त्याचं रूप जुनाट आहे, पण साध्या लॅपटॉपवरही ते धावतं. ज्यांच्याकडे फोनच आहे त्यांनी ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ बघावा. तो फुकट आहे, २०२३ मध्ये आला, पण त्यात कार्डांची खरेदी-विक्री नाही, त्यामुळे किमतीवर चालणारा हा सगळा प्रकारच तिथे संभवत नाही.

कायद्याचं काय

हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे किंवा पैशासारखं काही लावून, त्याबदल्यात आर्थिक लाभ मिळण्याच्या अपेक्षेनं खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यानं बंदी घातली. हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, असं म्हणून रमीची अ‍ॅप्स आजवर जो बचाव करत होती तो या कायद्यात उरत नाही, कारण कौशल्य असो वा नशीब, पैसे लावले की खेळ बंदीत मोडतो. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळाडूला नाही. मान्यता आणि नोंदणी असलेले ई-स्पोर्ट्स यातून वेगळे काढले आहेत.

मॅजिक ऑनलाइनवर तिकिटं भरून प्रवेश घ्यायच्या कंपनीच्या स्वतःच्या लीगही असतात. माझं मत स्पष्ट आहे: प्रवेशशुल्क असलेल्या स्पर्धांच्या वाटेला जाऊ नका. कायद्याचं कारण आहेच, पण नुसतं खर्चाचं गणित मांडलं तरी नवखा माणूस तिथे पैसे घालवतो. पेनी ड्रेडफुलच्या स्पर्धांना प्रवेश फुकट असतो. वरच्या क्रमांकांना ‘कार्डहोर्डर’ या ऑनलाइन कार्डांच्या दुकानाकडून तिथेच वापरता येणारी थोडी जमा बक्षीस म्हणून मिळते. त्यातून श्रीमंत कुणी होत नाही, पुढच्या सीझनचे डेक मात्र निघतात.

एक हात जवळून पाहू

खेळ थोडक्यात असा. दोघांचं आयुष्य २० पासून सुरू होतं, समोरच्याचं शून्यावर आणायचं. कार्ड खेळायला ‘मॅना’ लागतो, मॅना ‘लँड’ कार्डातून मिळतो आणि एका पाळीत एकच लँड मांडता येते. म्हणून डेकमध्ये लँड किती आणि इतर कार्डं किती, यावर अर्धी लढाई ठरते.

कार्डं आणि मॅना रंगांत विभागलेले असतात. समजा तुमचा लाल रंगाचा, झटपट मारा करणारा डेक आहे. ६० कार्डांत १८ लँड. सुरुवातीच्या सात कार्डांत एकच लँड आली आणि बाकी सहा स्वस्त, चांगली कार्डं आहेत. हात ठेवायचा की टाकायचा?

इथे बरेच जण ‘येईल की पुढची लँड’ म्हणून हात ठेवतात. जरा गणित करू. उरलेल्या ५३ कार्डांत १७ लँड आहेत. तुम्ही पहिले खेळत असाल तर पहिल्या पाळीला कार्ड उचलायला मिळत नाही. दुसरी पाळी येईपर्यंत तुम्ही एकच कार्ड उचललेलं असतं. ते लँड असण्याची शक्यता १७ भागिले ५३, म्हणजे जेमतेम ३२ टक्के. तीनपैकी दोन वेळा तुम्ही दुसऱ्याच पाळीला अडकणार. पण तुम्ही दुसरे खेळत असाल तर तोपर्यंत दोन कार्डं उचललेली असतात. दोन्ही वेळा लँड न येण्याची शक्यता ३६/५३ गुणिले ३५/५२, म्हणजे सुमारे ४६ टक्के. म्हणजे लँड येण्याची शक्यता ५४ टक्के. तोच हात, तीच सात कार्डं, पण एका बाजूला तो टाकण्याजोगा आहे आणि दुसऱ्या बाजूला विचार करण्याजोगा.

हात टाकला तर २०१९ पासूनच्या नियमानं पुन्हा सात कार्डं मिळतात, त्यातलं एक आपल्या पसंतीनं डेकच्या तळाशी ठेवायचं. दुसऱ्यांदा टाकला तर दोन ठेवायची. सहा चांगली कार्डं ही सात अडकलेल्या कार्डांपेक्षा बरी, हे एकदा अंगवळणी पडलं की निकालांत फरक दिसू लागतो.

असंच आणखी एक गणित पाठ असू द्या. डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चारही प्रती ठेवल्या, तरी सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातली निदान एक येण्याची शक्यता ४० टक्केच असते. म्हणजे दहापैकी सहा डावांत तुमचं लाडकं कार्ड सुरुवातीला हातात नसतं. ज्या डेकचं सगळं एका कार्डावर टांगलेलं आहे तो घरी सराव करताना देखणा दिसतो आणि स्पर्धेत गडगडतो. एकच काम करणारी आठ-बारा कार्डं, नावं वेगवेगळी असली तरी, डेकमध्ये असावीत. उदाहरण पॉपरमधलं घेऊ. लाइटनिंग बोल्ट एका मॅनात ३ नुकसान करतो, म्हणजे २० आयुष्य संपवायला सात बोल्ट लागतील, पण चालतात चारच. म्हणून लाल डेकवाले बोल्टसारखीच पण किंचित कमजोर कार्डं शोधून भरतात. पेनी ड्रेडफुलमध्ये ही शोधाशोध म्हणजे निम्मा खेळ. सीझन नवा असतो, कुणीच तयार उत्तरं लिहून ठेवलेली नसतात, आणि हजारो विस्मरणात गेलेल्या कार्डांतून तुमच्या डेकला जुळणारं एखादं सापडतं तेव्हा खरा आनंद होतो.

पहिल्या स्पर्धेसाठी एकरंगी डेक घ्यावा. दोन-तीन रंगांचा डेक चालवायला दोन्ही रंगांचा मॅना देणाऱ्या लँड लागतात. त्यातल्या चांगल्या बऱ्याचदा यादीबाहेर असतात आणि ज्या यादीत असतात त्या संथ असतात.

स्पर्धा चालते कशी

नोंदणी करताना डेकची यादी आधी द्यावी लागते. यंत्रणा प्रत्येक कार्ड वैध आहे का ते तपासते. एकदा स्पर्धा सुरू झाली की ती यादी बदलत नाही. सामने मॅजिक ऑनलाइनवरच होतात, प्रतिस्पर्ध्याला निमंत्रण पाठवून. नियम संगणकच पाळायला लावतो, त्यामुळे वादाचे प्रसंग फार कमी येतात.

सामना तीन डावांचा, दोन डाव जिंकेल तो विजेता. प्रत्येकाचं घड्याळ बुद्धिबळासारखं वेगळं, सामन्यासाठी प्रत्येकी २५ मिनिटं. तुमची वेळ संपली तर चालू डाव नव्हे, अख्खा सामना गेला. त्यामुळे संथपणे समोरच्याला अडवत राहणारा ‘कंट्रोल’ डेक नवख्यानं लगेच घेऊ नये. तो डेक जिंकायलाही वेळ घेतो.

घड्याळाच्या भीतीनं लोक भराभर बटणं दाबतात आणि तिथे दुसराच धोका असतो. एफ २ दाबलं की तुम्ही कार्ड खेळायची एक संधी सोडता. एफ ६ दाबलं की त्या पाळीतल्या तुमच्या पुढच्या सगळ्या संधी सोडून देता. प्रतिस्पर्धी काही करत नाही असं वाटून एफ ६ दाबावं आणि त्याच पाळीत त्यानं मोठं कार्ड खेळावं, हातात तोड असून ती वापरता येऊ नये, हे नव्यांच्या बाबतीत फार घडतं. चुकून दाबलंच तर लगेच एफ ३ दाबा, ते रद्द करतं. सराव सामन्यांत ही तीन बटणं बोटांत बसवून घ्या.

पहिल्या डावानंतर साइडबोर्ड कामाला येतो. समोरच्याचा डेक आता कळलेला असतो. त्याचा खेळ ‘ग्रेव्हयार्ड’वर, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगावर चालत असेल तर तो ढीग उडवणारी कार्डं आत घ्यायची आणि या सामन्यात निरुपयोगी असलेली बाहेर काढायची. नव्यांचा घोळ आत काय घ्यायचं यात होत नाही, बाहेर काय काढायचं यात होतो. डेक नोंदवतानाच कागदावर लिहून ठेवा: अमक्या प्रकारासमोर ही चार बाहेर, ही चार आत. तीन डावांपैकी दोन डाव साइडबोर्डनंतरचे असू शकतात, म्हणून या १५ कार्डांवरही मुख्य डेकइतकाच विचार करावा.

आता फेऱ्या. इथे ‘स्विस’ पद्धत असते. १८९५ मध्ये झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, आणि मुलांना जिल्हा पातळीवरच्या बुद्धिबळ स्पर्धेला घेऊन गेलेल्या पालकांना ती ओळखीची असेल. हरलं की घरी, असं नसतं. प्रत्येक फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेल्याशी गाठ पडते. विजयाचे ३ गुण, बरोबरीचा १.

समजा १६ खेळाडू आहेत आणि चार फेऱ्या. कुठेही बरोबरी झाली नाही तर शेवटी चित्र नेमकं असं दिसतं: चारही जिंकलेला एक, तीन जिंकलेले चार, दोन जिंकलेले सहा, एक जिंकलेले चार आणि एकही न जिंकलेला एक. पुढच्या बाद फेरीला चौघेच घ्यायचे असतील तर एक जण नक्की, आणि तीन जिंकलेल्या चौघांतून तिघे. एक बाहेर राहणार. आठ घ्यायचे असतील तर दोन जिंकलेल्या सहांतून तिघे. हे कोण ठरवतं? ‘टायब्रेकर’.

पहिला टायब्रेकर तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किती टक्के सामने जिंकले तो. म्हणजे तुम्ही कुणाला हरवलंत हे महत्त्वाचं. दोन खेळाडू घ्या, दोघांचेही ९ गुण. एक पहिलीच फेरी हरला, दुसरा शेवटची. पहिली फेरी हरलेला हरलेल्यांच्या गटात गेला आणि तिथून एकेक करत वर आला. त्याचे प्रतिस्पर्धी साहजिकच कमी जिंकणारे. दुसरा तीन फेऱ्या वरच्याच गटात होता, शेवटी आघाडीवरच्याकडून हरला. बहुतेक वेळा त्याचा टायब्रेकर वरचढ ठरतो. म्हणून पहिल्या फेरीचा पराभव शेवटच्या फेरीतल्या पराभवापेक्षा महाग पडतो, आणि पहिल्या सामन्याला अर्धवट झोपेत बसू नये.

यातून एक शिष्टाचारही निघतो. दोन हार झाल्यावर ‘आता काय उपयोग’ म्हणून स्पर्धा सोडून द्यायची मुभा असते. पण तुम्ही सोडलंत की तुमची टक्केवारी तिथेच थांबते आणि ज्यांनी तुम्हाला हरवलं त्यांच्या टायब्रेकरला त्याचा फटका बसतो. नियमानं चूक नाही, पण वेळ असेल तर उरलेल्या फेऱ्या खेळाव्यात. नव्यासाठी तर त्याच फेऱ्या फुकटचा उत्तम सराव आहेत. आणि सोडायचंच असेल तर नवी फेरी लागण्याआधी सांगून सोडावं, नाहीतर कुणीतरी रिकाम्या पटासमोर वाट बघत बसतो.

आपलं घड्याळ

भारतातल्या खेळाडूला डेकपेक्षाही वेळेची अडचण जास्त. यातल्या बऱ्याच स्पर्धा अमेरिकेच्या वेळेनुसार असतात. पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी दीडला सुरू होणारी स्पर्धा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री अकराला लागते. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की तीच रात्री बाराला. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी जास्तीत जास्त ५० मिनिटांची, म्हणजे अंथरूण धरायला तुम्हाला रात्रीचे सव्वादोन ते साडेतीन वाजू शकतात. न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना हे बरं जमतं, त्यांची दुपार असते. ठाण्यातल्या मुलानं दुसऱ्या दिवशी पेपर असताना या फंदात पडू नये.

त्यावर उपाय म्हणजे महिन्याची लीग. तीही फुकट. डेक नोंदवायचा आणि पाच सामने आपल्या सवडीनं खेळायचे, प्रतिस्पर्धी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर शोधून. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूरकडचे खेळाडू आपल्या संध्याकाळी भेटू शकतात. पाच झाले की तोच किंवा दुसरा डेक घेऊन पुन्हा पाच. माझा आग्रह असा राहील की आधी लीगमध्ये एकाच डेकनं दोन-तीन वेळा पाच-पाच सामने खेळावे आणि मग रात्रीच्या स्पर्धेत उतरावं. डेक सारखा बदलत राहिलात तर हरलात ते डेकमुळे की खेळण्यामुळे हे कळणारच नाही. खेळलेले सामने मॅजिक ऑनलाइनवर पुन्हा पाहता येतात, आणि हरलेल्या सामन्यात आपण सुरुवातीचा हात ठेवला तो बरोबर होता का, तिथून पाहायला सुरुवात करावी.

सीझन संपत आला असेल तर मात्र आठवडाभर थांबा. नवी यादी लागली की जुन्यातली काही कार्डं गळतात, आणि आज घेतलेला डेक महिना न भरता अर्धा अवैध होऊ शकतो. यादी लागल्याच्या दिवशी दीड डॉलर हातात ठेवून बसलेला नवखा आणि चार वर्षं खेळणारा मुरलेला, दोघांनाही सारख्याच कार्डांतून निवड करायची असते.